दोन दोरे मोठी काजं

बाबांना एक बटण लावायला अठरा मिनिटं लागायची. घड्याळात बघितलंय मी. तीस वर्षं लोकांचे शर्ट शिवलेला माणूस आपल्या उजव्या हाताकडे असा बघायचा, जणू कोणीतरी तो त्यांच्या मांडीवर विसरून गेलंय.

झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातल्या थेरपीवाल्या ताईंनी एक फळी दिली होती, तिच्यावर कापड ताणलेलं, पाच बटणं, पाच काजं. लावायची उजव्याच हाताने. डाव्यात जाड मोजा, म्हणजे तो मध्ये लुडबुडणार नाही. महिन्याने परीक्षा. पाचही लागली तर कात्री धरायची परवानगी. बाबांचा सगळा जीव त्या कात्रीत.

शाळा सोडल्यापासून आईच्या मते घरात रिकामी मीच. ती कामावर गेली की मी आणि ती फळी. माझं डोकं लवकर सटकतं. एकदा फळी भिंतीवर आपटली. बाबा ती उचलायला वाकले आणि खुर्चीवरून घसरून पडले.

त्या दुपारी ते झोपल्यावर मी ब्लेडने काजं वाढवली. कापडाचे दोनच दोरे. कडेने परत टाके घातले, त्यांनीच शिकवलेले.

दुसऱ्या दिवशी बटण चार मिनिटांत लागलं. आठवड्यात पाचही. बाबा शेजारच्यांना बोलावून दाखवायला लागले. आईने कात्रीला तेल दिलं.

परीक्षेला ताईंनी कपाटातून दुसरीच फळी काढली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिलंच बटण काजाच्या तोंडाशी घुटमळत राहिलं. अर्ध्या तासाने ताई म्हणाल्या, घरी डावा हात वापरता वाटतं, असं फसवून काय मिळणार? बाबांनी मान खाली घातली. मी गप्प.

घरी आल्यावर बाबांनी डावा अंगठा काजांच्या कडांवरून फिरवला. सावकाश, पाचही.

"टाके... एकसारखे आलेत," ते म्हणाले. जीभ अजून जडच आहे.

एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मी..."

"लहान कर. होती तेवढी."

मी सुई ओवली. त्यांनी डाव्या हातात मोजा चढवला, दातांनी ओढून, आणि माझं पहिलं काज होईपर्यंत वाट बघत बसले.