शिंप्याच्या घरचा उसना पलंग

मी पलंग बोलतोय, आणि हौसेने नाही. कॅन्सरवाल्या घरांच्या मदतीला धावणारं एक केंद्र आहे, त्याच्या ताई काल आल्या आणि माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणाल्या, "सगळे मन मोकळं करतात, तू पण कर की रे!" त्या बाईला नाही म्हणायची सोय नाही. बरं तर. शाळा फारशी बघितलेली नाही, जे येईल ते सरळ येईल.

जन्म वर्कशॉपातला. पायथ्याशी हँडल आहे, ते फिरवलं की उशाकडचा भाग वर येतो. एवढंच माझं कसब. बारा वर्षं दवाखान्यात काढली, मग भंगारात पडलो. तिथून केंद्राच्या पेंटरने उचललं. त्याची आई कॅन्सरने गेली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो केंद्राची ओझी वाहतो. त्याने गंज खरवडला, रंग दिला आणि मी घरोघर उसना जाऊ लागलो. सात घरं झाली. स्वस्थता कुठेच नाही. कुणी माझ्यावर टॉवेल वाळत घातले, कुठे भेटायला आलेली माणसं माझ्या काठावर बसून पेशंटलाच स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं ऐकवत राहिली.

आठवं घर शिंप्याचं. त्याच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठतं. आडवा झाला की घुसमटतो. हँडलचे बावीस फेरे फिरवले की तो अर्धा बसता होतो, तेव्हा कुठे डोळा लागतो. बायको मोजून फिरवते.

त्याच्या थोरल्या भावाला मी पहिल्या दिवसापासून खुपलो. "हा खाटला आला आणि माझा भाऊ झोपला," तो म्हणायचा. "हा गेला की बघ, उठून मशीनवर बसेल."

"दादा, आधी हे आजारी पडले, मग पलंग आला."

"तेच म्हणतोय मी!"

आता अशा माणसाशी कोण डोकं लावणार?

एके दिवशी नवरा-बायको पाणी काढून घ्यायला दवाखान्यात गेले. दादाने केंद्राला फोन लावला, "पलंग घेऊन जा," आणि ठेवला. केंद्रात एक पद्धत आहे. पलंग न्या म्हणाले की का म्हणून विचारायचं नाही. बहुतेक वेळा माणूस गेलेला असतो, घरच्यांच्या तोंडून ते कशाला वदवायचं? ताईंनी विचारलं नाही. पेंटर मान खाली घालून आला, दबक्या आवाजात म्हणाला, "सांभाळा स्वतःला." दादा गोंधळून "हो, हो" करत राहिला. मला दाराबाहेर काढताना त्याने माझ्या पायावर लाथ घातली. "गिळायला बसला होता माझ्या भावाला!"

केंद्रात पोचलो तर कळलं, एक आजारी बाई तिच्या घरी आधीच माझी वाट बघत होती. सकाळी तिच्याकडे जायचं ठरलं. मला चैन पडेना. शिंपी घरी येऊन पाठ टेकणार कुठे?

सकाळी त्याची बायको केंद्राच्या दारात. ताईंनी धावत जाऊन तिला मिठीत घेतलं. "धीर धरा हो."

"कसला धीर? पलंग द्या आधी! काल दुपारपासून खुर्चीत बसलेत, मशीनवर डोकं टेकून!"

"म्हणजे... ते आहेत?"

"आहेत म्हणजे? चांगले शिव्या देतायत!"

ताई मटकन माझ्यावरच बसल्या. मग त्या दुसऱ्या बाईला त्यांनी स्वतः फोन केला, थांबा म्हणून सांगितलं.

मी परत आलो. बावीस फेरे झाले, शिंप्याचा श्वास जरा ताळ्यावर आला. दारात दादा उभा होता, चेहरा उतरलेला.

"दादा, मला उठवायचं होतं ना तुला?" शिंपी म्हणाला. "उठवलंस बघ. पाठ म्हणून टेकू दिली नाहीस."

दादा पोरासारखा रडला. भावाची माफी मागितली, भावजयीची मागितली, ताईंची, अगदी पेंटरचीसुद्धा. आता रोज येतो, हँडल स्वतःच फिरवतो. मोजताना चुकतो, आणि भावजयीचं बोलणं मुकाट्याने ऐकून घेतो.

परवा पुन्हा पाणी काढायचंय. या खेपेला लवकर साठलं. त्याचा प्रत्येक श्वास माझ्या पट्ट्यांना कळतो, आणि तिकडे ती बाई अजून खोळंबलीय. दोन ठिकाणी मी कसा पुरणार? तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कुणी धूळ खात पडला असेल तर केंद्रात पोचवा, मेहेरबानी होईल. मी इथून एवढ्यात हलणार नाही.

आणि एक राहिलं. लाथ खाल्ली ती मी. सगळ्यांची माफी मागून झाली, माझी तेवढी मागायचा राहिलाय तो शिंप्याचा थोरला भाऊ.