फियाटमधला नंदी

शरणम्मानं अर्धा पेला पाणी पोलीस जमादारासमोर ठेवलं आणि पेला हलू नये म्हणून खालची जागा पदरानं पुसली. एरवी पाहुण्यापुढं तांब्या-भांडं ठेवणारं हे घर, पण त्या उन्हाळ्यात लातुरात अर्धा पेला पाणी म्हणजे मोठा पाहुणचार होता. जमादारानं ते एका दमात संपवलं, मिशा पुसल्या आणि अंगणातल्या कडुलिंबाकडं पाहिलं. कालपर्यंत तिथं फियाट उभी असायची. आता मातीवर तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता.

"काच फुटल्याली न्हाई, ढकलत नेल्याची खूण न्हाई," जमादार म्हणाला. "चावी लावून, ऐटीत बसून नेलीय गाडी. चाव्या किती हायत?"

"दोन," शरणम्मा म्हणाली.

भीमाशंकरनं, तिच्या नवऱ्यानं, खुंटीवरची चावी काढून जमादाराच्या हातावर ठेवली.

"आन् दुसरी?"

शरणम्मानं रिकामा पेला उचलून घेतला. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलावं तर ते नेमकं आपल्याच माणसाच्या अंगावर जाऊन पडत होतं.

"माझ्या भावाकडं. रेवणसिद्धकडं, उदगीरला. गाडी आमच्या अप्पाची व्हती, तवापासनं ती चावी त्याच्याकडंच हाय."

"हल्ली आलता का इकडं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तेव्हा भीमाशंकर पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "जमादारसाब, त्याचं नाव नका घेऊ. आपलाच माणूस हाय. रातच्याला मुक्कामाला व्हता आन् पहाटच्या एसटीनं गेला, एवढंच. पोरगं वाईट न्हाई."

जमादारानं मान डोलावली. नवऱ्याच्या मोठेपणानं शरणम्माचा ऊर भरून आला. मेहुण्यावर आळ येतोय म्हटल्यावर दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

गाडी काही नवी नव्हती. अण्णारावांनी, म्हणजे शरणम्माच्या अप्पांनी, ती हैदराबादच्या एका डॉक्टरकडून जुनीच घेतली होती. उदगिरात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यातल्या एकीत बाप पोरीला पुढं शेजारी बसवून बाजारातून नेतो, म्हणून भाऊबंद नाकं मुरडायचे. अप्पांनी कुणाला भीक घातली नाही. डॅशबोर्डवर त्यांनी अंगठ्याएवढा पितळी नंदी दोन स्क्रूंनी पक्का बसवून घेतला होता. दर सोमवारी त्याच्या कपाळाला विभूती आणि पाठीवर बेल. मरताना त्यांनी कापडाचं दुकान मुलाला दिलं आणि गाडी लेकीला. "शरण माघारी येईल तर आपल्या गाडीनं येईल," एवढंच म्हणाले होते.

गेल्या दिवाळीत भीमाशंकरनं एकदा विषय काढला होता. लातूर जिल्हा झाल्यापासून शहराच्या अंगात वारं शिरलं होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, माळरानावर चुन्याच्या रेघा. नव्या कचेरीसमोर एका ठेकेदाराचे प्लॉट होते आणि तो गाडीच्या बदल्यात कोपऱ्यावरचा द्यायला तयार होता. "उंद्या सोनं हुईल त्या जागंचं," भीमाशंकर म्हणाला होता. शरणम्मा भाकरी थापत होती. "अप्पाची गाडी हाय. इकायची न्हाई," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्यानं पुन्हा शब्द काढला नाही. बायकोचा शब्द मानणारा नवरा आपल्याला मिळाला, हे तिनं शेजारच्या कावेरीबाईला दोनदा तरी ऐकवलं होतं.

आता गाडी गेली म्हटल्यावर कावेरीबाई आधी आली. मग गल्ली आली. मयताला यावं तशी माणसं येऊन बसत, उसासा टाकत, आणि जाताना टँकर आज येणार का ते विचारून घेत. बाजारपेठेच्या गोलाईत तर लोकांना चघळायला विषयच मिळाला.

"पहिलं जिल्ह्याच्या कामाला चोरबी उस्मानाबादला जायचे," भीमाशंकर बसायचा त्या आडतीवर एक जण म्हणाला. "आता जिल्हा हितंच. त्यांची सोय झाली."

लोक हसले, भीमाशंकरही हसला. घरी येऊन त्यानं ते शरणम्माला सांगितलं तेव्हा तिला मात्र हसू आलं नाही. टँकरच्या रांगेत हंडा पुढं सरकवताना दोन बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि ती जवळ गेल्यावर गप्प झाल्या. जे तिच्या कानावर पडायचं ते पडलंच. सख्खा भाऊ. खाल्ल्या घरचे वासे मोजले.

पोलिसांनी रेवणसिद्धला उदगीरहून आणलं आणि दिवसभर बसवून ठेवलं. मारलं नाही, पण भर बाजारातून, उघड्या दुकानातून उठवून आणलं. तेवढंही उदगिरात जन्माला पुरतं. संध्याकाळी भीमाशंकर स्वतः गेला आणि त्याला सोडवून घरी घेऊन आला. येताना त्याचा हात मेहुण्याच्या खांद्यावर होता.

शरणम्मा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. आज तिनं तो काठोकाठ भरला होता. तोंड बघितलं की सगळं कळेल असं तिला दिवसभर वाटत होतं. तोंड दिसलं, पण कळलं काहीच नाही. धुळीनं माखलेला, तहानेनं ओठ सुकलेला तिचा भाऊ नुसता उभा होता.

"रेवण," ती म्हणाली, "अप्पाची शपथ घिऊन सांग. तू नेली न्हाईस न्हवं?"

तिच्या हातातला पेला त्यानं पाहिला. मग भीमाशंकरकडं पाहिलं, बराच वेळ. भीमाशंकर चपला काढण्यात गुंतला होता.

"शपथ घ्याची येळ आली का अक्का," रेवणसिद्ध म्हणाला. त्यानं खिशातून दुसरी चावी काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि पाण्याला हात न लावता माघारी वळला.

"अरं पाणी तर पी!"

तो थांबला नाही. शरणम्मा उंबऱ्यात खिळल्यासारखी उभी राहिली. पाणी टाकवेना, पिववेना. शेवटी तिनं ते पुन्हा रांजणात ओतलं आणि वर झाकण ठेवलं. ज्याच्या पोटात पाप त्याच्या गळ्याखाली पाणी उतरत नाही, असं भीमाशंकर जेवताना बोलून गेला. तिला ते पटलं. तेच पटलं, याचं पुढं तिला आयुष्यभर वाईट वाटायचं होतं.

वैशाख लागला. टँकर कधी यायचा, कधी नाही. फरशी पुसणं कधीच बंद झालं होतं. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची, अंघोळीचं पाणी खाली बादलीत धरून तेच झाडाला घालायचं. घरातला थेंब न् थेंब शरणम्माच्या हाताखालून जायचा. भीमाशंकर सकाळच्या लिंगपूजेला हल्ली पाणी जरा जास्त मागायचा, पण त्यावर ती काही बोलली नव्हती. गाडी परत मिळावी म्हणून माणूस देवाला साकडं घालत असेल. त्याला काय अडवायचं?

एका दुपारी गल्लीत टँकर आला म्हणून ओरडा झाला. खालचा हंडा गळायला लागला होता, म्हणून ती जुनी घागर आणायला माडीवर गेली. माडीवर भीमाशंकरचे तुरीचे नमुने, रिकामी पोती आणि जुनी भांडी असायची. घागर ओढून घेताना मागच्या कोनाड्यावर तिची नजर गेली.

कोनाड्यात धूळ होती आणि धुळीत ओल होती.

आधी तिला रागच आला. पाणी कुणी सांडलं? महिनाभर ह्या घरातल्या कुठल्या फरशीला पाणी लागलं नव्हतं, आणि इथं, माडीवर, कोनाड्यात? तिनं बोट लावलं. गार लागलं. वर एक धुतलेलं फडकं टाकलेलं होतं, ते तिनं उचललं.

अप्पांचा नंदी होता. कपाळावर ताजी विभूती, पाठीवर ओलं बेलाचं पान. शेजारी कागदाची पुडी, आणि पुडीत दोन स्क्रू. ते ओढून काढलेले नव्हते. हळूहळू फिरवून सोडवलेले होते, आटेसुद्धा शाबूत.

खाली कावेरीबाई हाका मारत होती. शरणम्मा घागर तशीच टाकून पोत्यावर बसली. चोर गाडी नेण्याआधी देव काढून ठेवत नाही. ठेवलाच तर रोज त्याला अंघोळ घालत नाही. 'त्याचं नाव नका घेऊ' म्हणत जोडलेले हात तिला आठवले, 'एवढंच' आठवलं, उंबऱ्यात वाकून चपला काढत राहिलेला माणूस आठवला. आपण कुणाच्या मोठेपणानं भरून आलो होतो! इतकी वर्षं ह्या माणसाच्या ताटात आधी वाढून मग ती जेवली होती. आणि त्यानं तिला पोलिसापुढं बसवून तिच्याच तोंडून तिच्या भावाचं नाव काढून घेतलं. टँकर भरभरून रिकामा झाला आणि निघून गेला. त्या दिवशी त्यांच्या घरात नवं पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाशंकर पूजेला बसला तेव्हा पाटासमोर नंदी होता, आणि नंदीसमोर तांब्या. काठोकाठ भरलेला. रांजणाचा तळ खरवडून काढलेलं पाणी होतं ते.

भीमाशंकरचा गळ्यातल्या लिंगाकडं गेलेला हात तिथंच राहिला.

"सगळं घाला त्याला," शरणम्मा म्हणाली. "चोरून चमचा-चमचा कशाला?"

त्यानं तांब्या थोडा बाजूला सरकवला. मग खाली बघून म्हणाला, "अप्पाच्या देवाची तरी पूजा चुकू ने, म्हनून..."

"गाडीसंगं का दिला न्हाई?"

"देव हाय त्यो." भीमाशंकरच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "देवाला इकावं का कुणी?"

"न्हाई इकू," ती म्हणाली. "आन् रेवणला?"

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. भीमाशंकरनं विभूतीचा खडा उचलला, परत ठेवला.

"गाडी ठेकेदारानं नेली बिदरच्या पल्याड. कागद अप्पाच्या नावचे, तू सही देत न्हवतीस. मी काय करावं? त्याला सोडवून आणलं का न्हाई मी? आन् पलाट कुणाच्या नावानं घेतलाय, इच्यार तरी. तुझ्याच नावानं घेतलाय."

शरणम्मानं नंदी उचलून पदरात घेतला. तांब्यातलं पाणी फिरकीच्या तांब्यात ओतलं, झाकण घट्ट आवळलं, आणि उंबरा ओलांडताना फळीवर ठेवून दिलेली रेवणची चावीही घेतली. भीमाशंकर पाटावरून उठला नाही. पूजेतून मधेच उठू नये, हे त्याला पाठ होतं.

उदगीरच्या एसटीत गर्दी होती. वाटेत दोन्ही बाजूंना रानं भाजून पडली होती आणि विहिरींवर माणसांपेक्षा भांडी जास्त होती. शेजारच्या बाईचं लेकरू पाण्यासाठी रडत होतं. शरणम्मानं झाकण उघडून त्याला दोन घोट पाजले आणि बाकीचं मांडीवर जपून धरलं. गाडीनं माघारी येशील, असं अप्पा म्हणाले होते. ती गाडीनंच निघाली होती, फक्त तिकीट काढून.

रेवणसिद्ध दुकान बंद करून दुपारचा घरी आला होता. बाजारात गिऱ्हाईक नव्हतंच, आणि जे होतं ते हल्ली समोरच्या दुकानात जायचं. त्यानं दार उघडलं आणि तो बाजूला झाला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शरणम्मा आत गेली नाही. उंबऱ्याशी बसून तिनं पदर सोडला आणि नंदी त्याच्यासमोर ठेवला. शेजारी चावी.

त्यानं नंदी हातात घेतला, उलटा केला, खालच्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला. कुठं सापडला, हे त्यानं विचारलं नाही. ती वाट बघत राहिली. त्यानं विचारलंच नाही.

"तुला ठावं व्हतं," शरणम्मा म्हणाली.

"त्या राती दाजींनी स्टँडवरनं आणलं तवा, गाडीतून पिशवी काढताना बघितलं. जागा रिकामी व्हती. दाजी म्हनले, पॉलिशला दिलाय."

"मग बोलला का न्हाईस? तिथं, माझ्या दारात?"

रेवणसिद्धनं नंदी देवळीत नेऊन ठेवला, अप्पांच्या तसबिरीखाली. तिकडं तोंड करूनच तो म्हणाला, "तू मला इच्यारलंस अक्का. दाजी बी तिथंच उभे व्हते. त्यांना कुठं इच्यारलंस?"

 शरणम्मानं फिरकीचा तांब्या दोन्ही हातांनी पुढं केला. उदगिरातही पाण्याची बोंबच होती, कोपऱ्यातली कोरडी घागर तिला दिसत होती. रेवणसिद्धनं तांब्या घेतला. झाकण फिरवून उघडलं. ओंजळीत थोडं पाणी घेऊन त्यानं ते नंदीवर सोडलं, आणि ओला तळवा डोळ्यांवरून फिरवला. मग झाकण पुन्हा घट्ट आवळलं आणि तांब्या आणून तिच्या शेजारी ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "परतीच्या वाटंला लागंल तुला."

शरणम्मा तांब्याकडं बघत उंबऱ्यावर बसून राहिली.