सतरा नंबरचं झाकण

"आजोबा, तुम्ही दुरुस्त केलेलं एखादं विमान कधी पडलं का हो?"

हा प्रश्न मुळात भोंग्याचा नव्हता. तो काडी आणि वकीलबाई या तिच्या दोन मैत्रिणींचा होता. विचारायची हिंमत आहे का, एवढीच पैज लागली होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज स्वतःच्याच दप्तरात शिरायचा, ती मुलगी वक्तृत्व स्पर्धेत दुसरी काय आली, तिला असा काही कंठ फुटला की मैत्रिणींनी नावच भोंगा ठेवलं. तिनेही ते मिरवलं. वहीच्या पहिल्या पानावर खऱ्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंसुद्धा. अशा मुलीला हिंमत आहे का विचारल्यावर ती थोडीच गप्प बसणार?

आजोबा, म्हणजे आईचे वडील, मागच्या खोलीत टेबलाशी बसले होते. पूर्वी ते लष्करी विमानतळावर मेकॅनिक होते आणि आता त्याच विमानतळावरचं एक विमान टेबलावर घडवत होते. दोन इंजिनांचं, जुनं, मालवाहू. खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढं, तरी पंख पसरून मीटरभर जागा अडवणारं. ते दुकानातल्या खोक्यातून आलेलं नव्हतं. पंखांचा पत्रा पातळ अॅल्युमिनियमचा होता आणि त्यावरची रिव्हेटांची रांग गजराच्या मोडक्या घड्याळातलं दात्यांचं चाक फिरवून उमटवलेली होती. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे टूथपेस्टच्या नळीतून कापलेले, इंजिनातल्या तारा टेलिफोनच्या वायरीतून सोललेल्या. शेपटीवर आकडा होता, सतरा. अकरा वर्षं हे चाललं होतं. बाबा म्हणायचे, आता नुसतं पेट्रोल ओतायचं बाकी आहे, मग सगळे मावशीकडे उडत जाऊ.

मैत्रिणींना वाटलं होतं आजोबा "छे गं" म्हणतील, नाहीतर कान पिळतील. पण आजोबांनी हातातला चिमटा खाली ठेवला. तो टेबलावर जरा टकटकला, कारण त्यांचा हात थरथरत होता.

"एक," ते म्हणाले. "कदाचित."

काडी आणि वकीलबाई यांना एकाच वेळी गणिताचा गृहपाठ आठवला आणि दोघी सटकल्या. पैज जिंकलेली भोंगा मात्र दारात उभी राहिली. हा 'कदाचित' काय प्रकार आहे, ते कळल्याशिवाय तिचा पाय निघेना.

मग आजोबांनी सांगितलं. सतरा नंबर एका सकाळी पाच माणसं घेऊन गेलं, डोंगरांवरच्या ढगात शिरलं आणि पुन्हा कुणाला दिसलं नाही. चौकशी झाली. हवामान खराब होतं, असं ठरलं. मेकॅनिकला कुणी काही विचारलं नाही, कारण त्याचा कागद चोख होता. सगळी झाकणं बंद, आणि खाली सही. ती सही आजोबांची होती, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

विमान निघण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची असते आणि त्या फेरीचा क्रम कधी मोडायचा नसतो. आधी नाक, मग उजवा पंख, मग शेपूट, शेवटी डावा पंख. डाव्या पंखाच्या पोटाला तळहाताएवढं एक झाकण होतं, चार स्क्रूंचं, त्याच्या आत इंधनाची गाळणी. त्या सकाळी ते झाकण उघडल्याचं आजोबांना लख्ख आठवत होतं. लावल्याचं आठवत नव्हतं. संध्याकाळी खिशात एक स्क्रू सापडला होता. पण त्याला काय अर्थ, ते म्हणाले. मेकॅनिकचा खिसा झटकला तर तेव्हा अर्धं विमान खाली पडायचं.

"मग हे कशाला बनवताय?" भोंग्याने विचारलं.

"डोकं विसरलं तरी हात विसरत नाही, असं मला वाटलं होतं. त्याच क्रमाने करत गेलो तर तिथे पोचल्यावर हाताला आठवेल."

आता कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मागे एकदा बाबांनी, डावा पंख सोपा आहे, तो आधी उरका, असं सुचवलं होतं, तेव्हा आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. नाक झालं होतं, उजवा पंख झाला होता, शेपूट झाली होती. डावा पंख अर्धा बाकी होता आणि हात थरथरायला लागून दोन वर्षं होत आली होती. त्यात आता विसरणंही सुरू झालं होतं. डॉक्टरांनी आईबाबांना काय सांगितलं ते भोंग्याने स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं होतं. हे वाढत जाणार, वर्षभरात माणसंसुद्धा ओळखू येईनाशी होतील.

म्हणजे आजोबांना हे कळायचं असेल तर आत्ताच. भोंग्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की सहामाही परीक्षेच्या आत आपण पंख पुरा करायचा, तुम्ही नुसतं सांगत जा, हात माझे. ती वक्तृत्वाच्या मंचावर उभं राहावं तशी उभी होती. आजोबा हसले. तिला तो होकार वाटला.

तिने खरंच कंबर कसली. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि टेबलाशी बसायचं. आजोबा सांगायचे, घड्याळाचं चाक दाबू नकोस, नुसतं चालू दे. ती दाबायची आणि पत्र्याला भोक पडायचं. तीन पत्रे तिने वाया घालवले. चौथ्यावर रिव्हेटांची रांग अशी सरळ आली की आजोबांनी भिंग लावून ती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "तुला कामावर ठेवलं असतं." त्या दिवशी ती घरभर गुणगुणत फिरली. काडी म्हणाली, ही आता नटबोल्ट खाणार. वकीलबाई म्हणाली, अगोदरच खाते, म्हणून आवाज असा येतो.

मधल्या काळात तिने आणखी एक उद्योग केला. विमानतळाच्या जुन्या नोंदी जिथे ठेवतात त्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. ते झाकण बंद होतं की नव्हतं, हे तुमच्याकडे नक्की कुठेतरी असेल, असं ठणकावून लिहिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. पाकीट फोडून ती हॉलमध्येच मोठ्याने वाचायला लागली. अपघाताचं कारण हवामान असं नोंदलेलं आहे. विमानाचे अवशेष सापडलेले नाहीत. तिसऱ्या ओळीपर्यंत तिचा आवाज बसला होता. मेकॅनिकांचे कागद नियमाप्रमाणे दहा वर्षांनी नष्ट केले जातात.

पत्र तिने भूगोलाच्या वहीत घातलं. आजोबांना सांगितलं नाही. आता उरला होता तो नुसता त्यांचा हात.

परीक्षेला आठ दिवस असताना पंख झाला. नखाएवढं झाकण झालं, त्याची चार भोकं झाली, मोहरीहून बारीक चार स्क्रू झाले. एका रविवारी दुपारी आजोबा म्हणाले, टेबलावर नाही, पंख डोक्याच्या वर हवा. सतराच्या पंखाखाली उभं राहून हात वर करावा लागायचा. पण आता उभं राहून त्यांना तोल सावरेना. म्हणून ते जमिनीवर उताणे झाले. भोंग्याने त्यांच्या तोंडाच्या वर तो पंख पोटाची बाजू खाली करून धरला, खरा असायचा तसा, दोन्ही हातांनी. आजोबांनी खिशातून खरा स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणाच्या त्या नखाएवढ्या जागेपुढे खांबासारखा दिसणारा, आणि डोळे मिटले.

हात वर गेला. थरथर चालूच होती, पण मनगट वळलं. एक. थोडं सरकून पुन्हा वळलं. दोन. भोंग्याचे दंड दुखून आले होते, पण तिने पंख हलू दिला नाही. तीन.

मग हात तसाच हवेत राहिला.

"कुणीतरी हाक मारली मला," आजोबा म्हणाले. "कुणी मारली गं?"

हात हळूहळू छातीवर उतरला. तीनच का? खरंच तीन लावले होते म्हणून, की तो खिशातला एक स्क्रू आयुष्यभर डोक्यात घोळत होता म्हणून? हे आता त्या हातालाही सांगता येणार नव्हतं. आजोबांनी डोळे उघडले, वरच्या पंखाकडे पाहिलं आणि छान झालंय म्हणाले, कुणी केलं, असंही विचारलं.

त्यानंतर उतारच लागला. आजोबा दिवसाचा वार विसरले, जेवलेलं विसरले, एकदा भोंग्याला तिच्या आईच्या नावाने हाक मारून शाळा सुटली का विचारलं. एक गोष्ट मात्र ते विसरेनात. सकाळी उठले की विचारायचे, झाकण लावलं का? अंघोळीहून आले की, झाकण लावलं का? घास तोंडात असतानाही तेच. भोंगा काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची आणि तेवढ्यापुरती खोलीतून निघून जायची. घर दणाणून सोडणारी मुलगी मागच्या खोलीत चोरपावलांनी वावरायला लागली.

आईने तिला बाजूला घेतलं. हो म्हण की, आई म्हणाली, त्यांच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल, तुझं काय जातंय. हे सांगताना तिचेच डोळे भरले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबांनी विचारल्यावर भोंग्याने हसतमुखाने, अगदी स्पष्ट उच्चारांत सांगितलं, "हो आजोबा. चारही स्क्रू घट्ट लावले. सगळी झाकणं बंद."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांची नजर जागेवर होती.

"मीही असंच लिहिलं होतं," ते म्हणाले.

आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, झाकण लावलं का?

त्या संध्याकाळी बाबांनी विषय काढला. काचेची पेटी सांगून ठेवली आहे, विमान तेवढं पुरं करून टाक, ते नखाएवढं झाकण चिकटवायला पाच मिनिटं लागतील, त्यांना डोळ्यांदेखत तयार झालेलं दिसू दे. आईने मान हलवली. एवढं केलंस, आता एवढ्यासाठी नको अडू, म्हणाली. भोंगा दोघांच्या समोर उभी होती. मंचावर उभी राहायची तशी नाही, हात लोंबकळत सोडून. आत आजोबा भिंतीला विचारत होते, झाकण लावलं का.

"मी ते चिकटवणार नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दोघांना नीट ऐकू गेला. "पेटी आणा, विमान पेटीत ठेवा, पण झाकण बाहेर राहील आणि भोक तसंच दिसेल. ते अपुरंच राहणार आहे. आणि ह्यापुढे त्यांनी विचारलं की मी पळणार नाही, खोटंही सांगणार नाही. माहीत नाही आजोबा, असं सांगणार. कुणालाच माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही."

दिवसातून वीस वेळा विचारतात ते, आई म्हणाली.

"मग वीस वेळा सांगेन."