आभार नाहीत

मुलं तिला पाठीमागे 'शिट्टीबाई' म्हणायची. शाळेत ती व्यायाम शिकवायची. मैदानाच्या एका टोकाला ओरडली, की दुसऱ्या टोकाची पोरं ताठ व्हायची. पार्किन्सन्सने आधी तिचा हात धरला, मग आवाज बसवला आणि शेवटी चेहराही गोठवला. चेहऱ्याचंच तिला जास्त लागायचं. आत अंगाची लाही लाही होत असली तरी वर सगळं कोरं. लोक सुनेला म्हणायचे, "किती शांत झाल्या हो तुमच्या सासूबाई!" सून हसून मान डोलवायची.

त्या दुपारी दोघी पार्किन्सन्सच्या माहिती-शिबिराला गेल्या. सभागृह पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. जिना चढताना तिच्या पायांत गोळे आले. वर दारात चकचकीत काळ्या फरशीचा पट्टा होता. तो ओलांडताना जो तो थबके. पाय जणू जमिनीला चिकटत. मागून आयोजक गोड आवाजात म्हणत होता, "चला मंडळी, दार नका अडवू."

खुर्च्या बिनहाताच्या, एकमेकींना खेटून मांडलेल्या. टेकून उठायची सोय नाही. त्यात प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. तास गेला. गोळीचा अंमल उतरू लागला तशी एकेकाची मान खाली झुकली, हात थरथरू लागले. शिट्टीबाईची बोटं मांडीवर नाचायला लागली. अखेर पाहुणे आले, पुष्पगुच्छ झाले आणि भाषण सुरू झालं.

"रोज हसा!" पाहुणे म्हणाले. "हसायला काही पैसे पडत नाहीत!"

सभागृहात कोणी हसलं नाही. हसता येत असतं तर इथे कशाला आले असते?

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा तिने हात वर केला. माइक आला, पण घशातून नुसती फुसफूस बाहेर पडली. आयोजकाने लगेच माइकला हात घातला. "आजींना आभार मानायचे आहेत. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. तिने माइक सोडला नाही.

"आई, द्या ना," सून कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत."

तिने मैदानावर घ्यायची तसा बेंबीच्या देठापासून श्वास घेतला.

"आभार नाहीत! तासभर ताटकळत ठेवलंत. आमच्या गोळ्या घड्याळावर चालतात, तुमच्या पाहुण्यांवर नाही. लिफ्ट बंद होती, मग खाली का नाही घेतलंत? आणि हसा म्हणता? हा चेहरा हलतो का, बघा तरी एकदा!"

आवाज पुन्हा बसला. पाहुण्यांनी मोबाइल काढून पाहिला. आयोजक हसत म्हणाला, "आजी जरा भावुक झाल्या."

"भावुक नाही, चिडल्यात!" मागच्या रांगेतला एक गृहस्थ धडपडत उभा राहायला गेला आणि त्याला उठताच आलं नाही. बायकोने बाही ओढली, तरी तो बसल्या बसल्या म्हणाला, "मीपण चिडलोय."

टॅक्सीत बसताच सुनेने दार धाडकन ओढलं. मग म्हणाली, "माझी मान खाली गेली. रजा काढून तुम्हाला घेऊन आले ते यासाठी?"

"तुला कोणी सांगितलं होतं, मी शांत आहे म्हणून मान डोलवायला?"

"कोणी नाही. पण तुम्ही शांत असलात की मला बरं पडतं! दिवसभर ऑफिसचं ऐकायचं आणि घरी येऊन तुमचं. थकते मी."

हे सुनेने इतकं रोखठोक कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीला राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

आठवड्याने आयोजकाचा फोन आला. पुढचं शिबिर तळमजल्यावर आणि वेळेवर होईल म्हणाला. "फक्त सासूबाईंना जरा सांभाळून आणा."

"मी कशाला सांभाळू?" सून म्हणाली. "वेळेवर सुरू करा, म्हणजे त्या चिडणार नाहीत. उशीर केलात तर तुमचं तुम्ही बघा." आणि तिने फोन ठेवला.

आतल्या खोलीतून पुसट आवाज आला, "हे त्या दिवशीच बोलायचं होतंस."

"आता तुम्ही मलाच ऐकवा!" सून ओरडली आणि पातेलं दाणकन ओट्यावर आपटलं.