मास्टर खूची फुलबाग

देवीच्या अश्रूंचे चार थेंब पडले, वाडग्यातलं निळं पाणी गुलाबी झालं, आणि नवव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दाटलेल्या बायकांनी एकदमच श्वास सोडला. चपलांची रांग पार लिफ्टपर्यंत गेली होती. आत अगरबत्त्यांचा धूर असा, की नुसते डोळे पुसले तरी भक्ती दिसावी.

"तांबडं फूल," मास्टर खू घोगरले. "लेक येतेय."

वाडग्यापुढे बसलेली ग्योक लान रडली.

मास्टरांच्या अंगात देवी येई. आली की आवाज जाड व्हायचा. मोबाइल वाजला की पुन्हा बारीक. त्यांचा धंदा एका जुन्या गाण्यावर चालला होता. ग्योक लानची आजी तिला झोपवताना ते म्हणायची:

पांढरं फूल लेकाचं, तांबडं फूल लेकीचं,
वरल्या गं बागेमधी झाड माझ्या कुशीचं.

आजीने गाण्याने डोळ्यांवर झोप आणली. खूने त्याच गाण्याने डोळ्यांत धूळ टाकली.

सिंगापुरातला तेव्हाचा कायदा अगदी रोखठोक होता. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार हवा तर लग्न झालेलं पाहिजे, नवऱ्याची संमती पाहिजे, आणि बाईची पंचेचाळिशी भरली की दार बंद. ग्योक लानच्या वाढदिवसाआधी उपचाराची एकच फेरी बसत होती. इस्पितळाने तारीखही दिली होती. नेमकी तेव्हाच शेजारीण तिला इथे घेऊन आली.

त्या पहिल्या दिवशी मास्टरांनी वाडग्यात मंतरलेल्या कागदाची राख टाकली आणि पाणी हिरवं पडलं. वरल्या बागेतल्या तुझ्या झाडाची मुळं कुजलीत, देवी म्हणाली. दवाखान्याच्या सुया मुळांना टोचतात, सात आठवडे तिकडे फिरकायचं नाही. ग्योक लानने चाचरत वयाची अट सांगितली.

"सरकार कातडीचं वय मोजतं, पोरी. मी झाडाचं मोजते. तुझं झाड अजून तिशीत आहे."

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईशी इतकं गोड खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं. नवरा, बून हॉक, आधी चिडला, मग विनवू लागला, मग जेवताना बोलेनासा झाला. इस्पितळाचा फोन वाजायचा, ती तो पालथा घालून ठेवायची. त्या आठवड्यांतच पंचेचाळिसावा वाढदिवस आला. दीर्घायुष्यासाठी खातात त्या लांब शेवया तिने खाल्ल्या. आणि आज, तिच्या शेवटच्या बैठकीला, पाणी गुलाबी झालं होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या बाळाचा महिना भरला आणि त्या जेवणातल्या निळ्या भाताचं काम ग्योक लानकडे आलं. तिच्या माहेरी गोकर्णीच्या फुलांचं पाणी काढून भात रंगवतात. बाजूला चटणीसाठी लिंबू पिळताना एक शिंतोडा त्या पाण्यात उडाला.

पाणी लाजल्यासारखं गुलाबी झालं.

ती बघत राहिली. निळ्या भाताजवळ लिंबू आणलं म्हणून आईने लहानपणी हातावर चापट मारली होती. ओट्यापाशी जन्मभर ठाऊक असलेली गोष्ट देव्हाऱ्यापुढे साफ विसरली होती. तिने दुसऱ्या वाटीत तेच पाणी घेतलं, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. हिरवं. तेच कुजलेल्या मुळांचं हिरवं. तिने गॅस बंद केला आणि फरशीवरच बसली.

मास्टरांच्या पुढच्या बैठकीला ती बरणी घेऊन गेली. वाडग्यापुढे पेइशान नावाची शाळामास्तरीण बसली होती. वय तिच्याएवढंच, फक्त पंचेचाळिशीच्या थोडं अलीकडचं. राख पडली. पाणी हिरवं झालं. देवीने मुळांचं पुराण सुरू केलं.

"थांबा मास्टर. माझंही झाड बघा," ग्योक लान म्हणाली.

तिने बरणीतलं निळं पाणी पेल्यात ओतलं, सोडा टाकला. हिरवं. वर लिंबू पिळलं, फसफसलं, आणखी पिळलं. गुलाबी.

"गोकर्णीची फुलं आहेत. यांच्या राखेत सोडा, देवीच्या अश्रूंत लिंबू. आणि वास लागू नये म्हणून हा धूर."

देवी क्षणभर गोंधळली, मग घोगरली, "लिंबू हेही माझंच रूप आहे."

"मग मंडईत फार स्वस्त मिळता तुम्ही."

कुणीतरी फिसकन हसलं. पण भिंतीशी बसलेल्या म्हातारीला ते रुचलं नाही. "असं बोलू नये ग. माणूस आशेवर जगतं."

"मी जगले, आंटी. सात आठवडे. माझ्याकडे तेवढेच होते."

मास्टर वाडगा उचलायला वाकले. पेइशानने तो धरून ठेवला, आतलं हिरवं पाणी पाहिलं, आणि ताट ढकलावं तसा बाजूला सारला.

"आ-ची, तुमची तारीख?" तिने थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं.

"गेली. तुझी?"

"परवा."

"मग इथे काय करतेस?"

पेइशान उठली आणि चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधू लागली.

शरीराला वय असतं, ते कुणाच्या मंत्राने मागे फिरत नाही. कायद्याने रेघ कुठे ओढावी, हे मात्र माणसं ठरवतात, आणि माणसांशी भांडता येतं. पुढे काही वर्षांनी वयाची ती अट उठलीही. कुठल्या झाडाला फूल आलं म्हणून उठली नाही. ग्योक लान तोवर पन्नाशीला टेकली होती.

तेव्हा बायांनो, देवाच्या नावाने कुणी तुमचे दिवस मागू लागला, तर नारळ-फुलं राहू द्या. पदराआड एक लिंबू न्या.