इम्पालाचा नवा गिअर

"चावी दे वहिनी," माणिकने दोनदा मागितली. रेवती इम्पालाचा मागचा बंपर पुसत होती. मान न वळवताच ती दोन्ही वेळा "नाही" म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने मागितली नाही. जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि तिच्या डाव्या खांद्यावर घातला.

आवाज आधी ऐकू आला, कळ मागून आली. ती गुडघ्यांवर कोसळली, तर दुसरा घाव नेमका त्याच जागी बसला. शेडच्या दारात तिचे सासरे, दत्ताराम परब, चहाचा ग्लास घेऊन उभे होते. "माणक्या, पुरे!" ते ओरडले, पण तोवर तिसराही पडून गेला होता.

पोलीस आले तेव्हा अण्णा, म्हणजे दत्तारामच, पुढे झाले. "तां पडला," त्यांनी हवालदाराला सांगितलं. "खड्ड्यात पाय गेलो तेचो. माका दुसरा काय दिसूक नाय."

रेवती स्ट्रेचरवर होती. तिने ते ऐकलं.

तिच्या तक्रारीवरून माणिकला धरलं खरं, पण साक्षीदारच फिरल्यावर किती दिवस ठेवणार? आठवड्याच्या आत तो जामिनावर सुटला. रेवती आणि अण्णा राहायचे त्या मरोळच्या चाळीत पाऊल टाकायचं नाही, एवढी अट घालून त्याला घाटकोपरला त्याच्या घरी जाऊ दिलं.

भांडण गाडीचं होतं. अण्णा तरुणपणी वांद्र्याच्या एका घरी ड्रायव्हर होते. ती माणसं परदेशी कायमची गेली, जाताना गाडी अण्णांना देऊन गेली. साठ वर्षांची अमेरिकन गाडी, लांबच्या लांब, पुढेही सोफ्यासारखी अखंड सीट. क्लच नाही, गिअर आपोआप पडणारे, आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगला लागून, डाव्या अंगाला. थोरल्या मुलाने, रेवतीच्या नवऱ्याने, सौरभने ती जिवापाड जपली, लग्नांच्या वरातींना भाड्याने दिली, आणि रविवारी रविवारी आरे कॉलनीच्या रस्त्यांवर बायकोला ती चालवायला शिकवली. अण्णांनी कागद सौरभच्या नावावर केले. दोन वर्षांपूर्वी सौरभ हार्टने गेला तेव्हा कागदांवर रेवतीचं नाव चढलं, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून ती स्वतः वरातींना जाऊ लागली. नवरदेवापेक्षा लोक ड्रायव्हरचेच फोटो जास्त काढायचे.

माणिकला हे सहन होईना. बापाची गाडी मुलाची, बाईमाणसाची कशी? त्यात बोरिवलीच्या एका डेकोरेटरला तो "गाडी आणून देतो" असा शब्द देऊन बसला होता.

खांद्यात धातूची पट्टी बसली, स्क्रू बसले. जखम भरली, पण हात काही वर जाईना. कमरेपर्यंत ठीक, छातीशी आला की आतून कोणीतरी करवत चालवावी तसं व्हायचं. तरी एका सकाळी ती गाडीत जाऊन बसली. स्टिअरिंगजवळचा दांडा आधी आपल्याकडे ओढायचा, मग वर-खाली करायचा. दहा वर्षं हात आपोआप जायचा तिथे. आता दात-ओठ खाऊन तिने बोटं दांड्याला लावली, ओढलं, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उजवा हात आडवा घालून बघितला, तर स्टिअरिंग सुटायचं. ती बराच वेळ तशीच घामाने भिजून बसून राहिली. खांदा मोडला तेव्हा जेवढा राग आला नव्हता तेवढा तिला आत्ता आला. माणिकने गाडी नेली नव्हती. पण घेतली होतीच.

धोंडू कांबळे सौरभचा जुना मेकॅनिक, साकीनाक्याला गॅरेज. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, हात गाडीपर्यंत पोचत नाही ना? मग गिअर हाताजवळ आणू. खाली, सीटच्या बाजूला."

"होईल?"

"का नाही होणार? गिअरबॉक्सला काय माहीत दांडा वर आहे का खाली? त्याला फक्त ओढ कळते. वरचा दांडा काढायचा, खाली पत्र्याला भोक पाडून दुसरा बसवायचा, आणि तिथून केबल गिअरबॉक्सला. फक्त जुळणी नीट पाहिजे. दांडा पार्किंग दाखवतोय आणि आत रिव्हर्स पडलाय, असं झालं तर वाट लागली."

अण्णा बाजूलाच स्टुलावर बसले होते. "साठ वर्सां ह्या गाडयेक कोणी भोक पाडूक नाय," ते म्हणाले.

"माझ्या खांद्याला सहा स्क्रू आहेत अण्णा," रेवती म्हणाली. "गाडीला चार बसतील."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या घरात दोघंच राहायची. ती भाकरी वाढायची, ते जेवायचे, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर निघायचं नाही.

शेडमध्ये अण्णांनीच पूर्वी गाडीखाली उतरायला खड्डा खणून घेतला होता. गाडी त्यावर घेतली, तोंड दाराकडे, आणि गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना लाकडी ओट लावले. धोंडूने स्टिअरिंगचा दांडा सोडवला, खालचा रॉड कापून काढला. ग्राइंडर पत्र्याला लागला आणि ठिणग्या उडाल्या तसे अण्णा उठून बाहेर गेले. पण पुन्हा येऊन मागच्या भिंतीशी बसले. त्यांना ते बघवतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. नवा दांडा बसला. रेवतीने हात खाली सोडला तर मूठ नेमकी तळव्यात आली. पुढे, मागे. कळ नाही. तिला हसूच फुटलं, पुष्कळ दिवसांनी.

केबलचं टोक तेवढं गिअरबॉक्सला जोडायचं राहिलं होतं. धोंडू खड्ड्यात उभा राहून गिअरबॉक्सची आर्म हाताने एकेक घर सरकवत होता आणि खालून ओरडून सांगत होता, "हा न्यूट्रल... हा रिव्हर्स. ताई, केबलची क्लिप द्या, फळीवर आहे." गाडी एरवी पार्किंग किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते, पण ते सांभाळणाऱ्या स्विचच्या वायरी त्याने चाचणीसाठी तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या होत्या, म्हणजे आता ती कुठल्याही गिअरमध्ये सुरू झाली असती. चावी गाडीतच होती. रेवती क्लिप आणायला उतरली.

तेवढ्यात माणिक आत आला.

भर दुपार होती. त्याने दाराला कडी घातली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ चालत आला आणि रेवतीच्या थोबाडीत मारली. ती टायरांच्या चळतीवर जाऊन आपटली.

"माणक्या, तुका हयसर येवक नको सांगितला ना?" अण्णा भिंतीशी उठून उभे राहिले.

"तुम्ही गप्प बसा." त्याने लाथेने एक ओट उडवला, दुसरा उडवला, आणि गाडीत घुसला. आत बसल्यावर त्याला नवा दांडा दिसला. पत्र्याचं भोक दिसलं. "काय केलंस हे? काय केलंस माझ्या बापाच्या गाडीचं, रांडे?"

"माणिक, सुरू करू नको!" रेवती तोंडातलं रक्त थुंकत ओरडली. "दांडा जोडलेला नाहीये! आत रिव्हर्स आहे! अण्णा, बाजूला व्हा!"

त्याने नवा दांडा खाडकन पुढच्या गिअरच्या खुणेवर आणला, चावी फिरवली आणि एका झटक्यात बाहेर पडायचं म्हणून अॅक्सिलरेटर दाबला.

गाडी मागे गेली. एवढं मोठं धूड उडी मारल्यासारखं गेलं. खड्ड्यातून धोंडूची किंकाळी आली. तो खाली बसला म्हणून वाचला. अण्णांना एक पाऊल टाकायलाही वेळ मिळाला नाही. बंपरने त्यांना मांडीशी गाठलं आणि भिंतीला चिणलं. ते ओरडले नाहीत. नुसता श्वास बाहेर पडल्यासारखा आवाज आला.

गाडी उलटी का जातेय ते माणिकला कळेना. तो दांडा पुढे ढकलत होता, मागे ओढत होता. दांडा सगळ्या घरांतून लोण्यासारखा फिरत होता आणि गाडीला त्याचा पत्ता नव्हता. आणि भेदरलेल्या माणसाचं होतं तसंच झालं, त्याचा पाय होता तिथेच आणखी जोरात दाबला गेला. मागची चाकं धूर काढत जागीच फिरू लागली.

रेवती धावली. खिडकीतून उजवा हात आत घालून तिने चावी धरली. माणिकने तिचे केस धरले आणि तिचं तोंड खिडकीच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिचा एक दात तुटून जिभेवर आला. तिने चावी सोडली नाही. तिसऱ्यांदा तो आपटणार एवढ्यात चावी फिरली, आणि इंजिन बंद पडलं.

माणिक दार ढकलून बाहेर पडला. बापाकडे त्याने बघितलं. पँट फाटून त्यातून हाड बाहेर आलं होतं. तो मागे सरकला, दाराच्या दिशेने. पळणार होता.

कापून काढलेला जुना रॉड जमिनीवर पडला होता. रेवतीने तो उचलला आणि त्याच्या जबड्यावर घातला. तो वाकला तशी पाठीवर घातला. पडला तशी गुडघ्यावर. तिचा एकच हात चालत होता आणि तेवढा पुरत होता. तो "वहिनी, वहिनी" करत होता. प्रत्येक घावाबरोबर तिच्या अंगातून काहीतरी मोकळं होत होतं, आणि ते तिला बरं वाटत होतं. इतकं बरं की आपण थांबू शकणार नाही, याची तिला भीती वाटली.

"ताई!" खड्ड्यातून वर आलेल्या धोंडूने तिला मागून धरलं. "म्हातारा मरेल तिकडे! गाडी ढकला आधी!"

तिने रॉड टाकला. दोघांनी मिळून गाडी पुढे ढकलली. भिंतीवरून अण्णा खाली घसरले ते तिच्याच मांडीवर. तिने ओढणी सोडून त्यांच्या मांडीला करकचून बांधली. चाळीतली माणसं जमली होती. माणिक उठू शकत नव्हता; पोलिसांनी त्याला तिथूनच ताब्यात घेतलं.

अण्णांचा पाय राहिला, पण त्यात सळी घातली आणि तो गुडघ्यात वाकेनासा झाला. हॉस्पिटलात ते शुद्धीवर आल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. रेवती सुजलेल्या तोंडाने कॉटजवळ उभी होती.

"माणिक गाडयेत नव्हतो," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "गिअर बदललो, तेची चूक. गाडी आपसूक मागे गेली."

रेवतीला वाटलं आपल्याला राग येईल. आला नाही. "माझाही जबाब घ्या," ती म्हणाली. "गाडीत माणिक होता. चावी मी बंद केली. आणि मग मी त्याला मारलं. रॉडने. तेही लिहा."

धोंडूनेही पाहिलं ते सांगितलं. चाळीतल्या दोघांनी सांगितलं. हवालदार गेल्यावर अण्णा म्हणाले, "तो माझो झील आसा गे."

"माहितीये," ती म्हणाली आणि त्यांना पाणी पाजलं.

धोंडूने काम पुरं केलं. केबल जोडली, एकेक घर जुळवलं, स्विच नव्या दांड्यापाशी बसवला. पार्किंग आणि न्यूट्रल सोडून कुठेही चावी फिरवली तर गाडी मुकी राहते याची खात्री करून दिली. रेवती आरेतून एक फेरी मारून आली. गुरांच्या गोठ्यांपाशी थांबवून तिने दहादा गिअर टाकला नि काढला. दर वेळी गिअर टक् करून बसला.

माणिकचा जामीन रद्द करायचा अर्ज कोर्टात सुनावणीला आला. त्या सकाळी अण्णा वॉकर घेऊन दारात आले. "माका न्हे," ते म्हणाले. "पोराचा तोंड बघूचा आसा." ताठ पाय रिक्षात मावत नव्हता. या जगात तो पाय आडवा मावेल अशी एकच सीट होती. रेवतीने त्यांना मागच्या सीटवर आडवं बसवलं आणि अंधेरीला निघाली. अण्णांनी नव्या दांड्याकडे सबंध रस्ताभर बघितलं नाही.

कोर्टाच्या आवारात पोलिसांच्या गाडीतून माणिक उतरला. जबडा तारांनी बांधलेला होता. अण्णा वॉकर टेकत त्याच्याकडे गेले. "माणक्या, जेवक गावता ना रे?"

माणिकची नजर त्यांच्या मागे उभ्या गाडीकडे गेली, रेवतीकडे गेली. बांधलेल्या दातांतून तो फिसकारला, "हिच्या गाडीतून आलात?" आणि वॉकरला लाथ मारली.

अण्णा आडवे झाले, फरशीवर, सळीच्या पायावर. या वेळी ते ओरडले. सगळं आवार वळून बघू लागलं. माणिकने दुसरी लाथ उचलली, ती त्यांच्या बरगडीत बसली, मग शिपायांनी त्याला मानेला धरून फरपटत आत नेलं. जामीन त्याच दिवशी रद्द झाला.

रेवतीने अण्णांच्या काखेत उजवा हात घालून त्यांना उभं केलं. डावा आपसूक पुढे गेला आणि कळ मारून खाली आला. अण्णांनी ते बघितलं.

त्यांनी जबाब काही बदलला नाही. तिने विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही. गाडीत बसल्यावर किती तरी वेळ ते नुसते धापा टाकत होते. सिग्नलला गाडी थांबली. रेवतीने दांडा न्यूट्रलला घेतला.

"खांदो दुखता?" मागून आवाज आला.

इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"दुखतो," ती म्हणाली. "दिवसरात्र दुखतो अण्णा."

आरशात तिला दिसलं, ते रडत होते. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. तिने गिअर टाकला आणि गाडी मरोळच्या रस्त्याला घेतली.