बाळंतिणीचे लाडू कुणी खाल्ले

साहेब, आमच्या बाळंतिणीचे अळिवाचे लाडू तुम्ही खाल्ले. उंदीर, मांजर, वॉर्डातली मावशी, कुणाचंही नाव पुढं करू नका. तुमच्या मिशीला अळिवाचे दाणे चिकटलेले मी या डोळ्यांनी पाहिले, आणि भिजलेला अळीव एकदा चिकटला की नुसत्या रुमालानं निघत नाही.

मी सूर्यभान, राहणार काष्टी. शाळा लवकर सुटली, पण लिहायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझी लेक ज्ञानेश्वरी तुमच्या दवाखान्यात बाळंत झाली. सिझर झालं, रक्त बरंच गेलं, अंगावर दूध उतरेना. नात रडून रडून वांग्यासारखी जांभळी. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा, बाळाला सारखं पाजायला घ्या, आणि घरून अळिवाचे लाडू आणा. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. जेवणात लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागेल."

माझी बायको मनकर्णा या हुकमाचीच वाट बघत होती. लेक गरोदर होती तोवर हिनं अळिवाची बरणी माळ्यावर टाकलेली. "अळीव गरम. पोटुशीला चिमूटभर न्हाई द्यायचे," हा तिचा कायदा. आता बरणी खाली आली. नारळाच्या पाण्यात अळीव भिजले, फुगून बुळबुळीत झाले. मग ओलं खोबरं, गूळ, तूप, वर जायफळ. वास असा सुटला की मी हात पुढं केला. तिनं उलथनं दाखवलं.

"तुमी बाळंत झालाय का?"

दवाखान्याच्या दारावर तुमचा शिपाई मच्छिंद्र.

"मामा, बाहेरचं खाणं आत न्यायचं न्हाई. साहेबांचा हुकूम हाय."

"अरे, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्या आत सांगत्यात. मी बाहेर बसतो."

डबा त्यानं तुमच्या खोलीत नेला, तपासणीसाठी. दुपारभर आम्ही बाकावर. आतून नातीचं रडणं ऐकू येत होतं. शेवटी मनकर्णा उठली, तुमचं दार ढकलून आत शिरली, मागं मी. डब्याचा तळ दिसत होता आणि तुम्ही बोटं चाटत होता.

मला वाटलं, ही आता चप्पल काढणार. पण ती गोड बोलायला लागली. तिथंच मी घाबरलो.

"खाल्लं ते ब्येस केलं, साहेब. पन बाळंतिनीचा लाडू खाल्ला म्हंजी बाळंतिनीचं पथ्य आलं."

तिनं एसी बंद केला. पंखा बंद केला. खिडकी लावली. तुमची गार पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तुमच्या कानांवरून गच्च बांधला.

"अहो बाई, मला शुगर आहे," तुम्ही म्हणालात.

"मंग येवढं कसं खाल्लं? पडा आता. मच्छिंद्र, शेगडी आन. धुरीला ओवा हाय का रं?"

मच्छिंद्र तोंडावर टोपी दाबून पळाला. शेगडी आणायला की हसायला, ते त्यालाच ठाऊक. भर वैशाखात तुम्ही घामानं निथळत होता. त्यात एवढ्या अळिवानं पोटात आपलं काम सुरू केलं, आणि तुम्ही टॉवेलासकट संडासाकडं पळालात. मनकर्णा मागनं सांगत होती, "हळू हो साहेब, वली बाळंतीन अशी पळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दारावर तुमचा नवा कागद लागला: नातेवाइकांनी अधिकाऱ्यांच्या डोक्याला काही बांधू नये. खाली जुनीच ओळ, बाहेरच्या खाण्याला बंदी कायम.

साहेब, लेकीला अजून सुट्टी नाही. नात वाटी-चमच्यावर आहे. मनकर्णानं पुन्हा लाडू वळलेत आणि आम्ही तुमच्या दारात बसलोय. हा डबा ज्ञानेश्वरीपर्यंत जाणार आहे की नाही? जाणार नसेल, तर पहिले लाडू ज्याच्या पोटात गेले त्यालाच दूध उतरलं असणार. नातीला पाजायला कधी येताय, तेवढं लेखी कळवा.